हार्वेस्टचा लिलाव बंद करावा का? एका लहान मंडळीचा प्रश्न

नेवासे_सेक्रेटरी

सर्वांना जय ख्रिस्त.

मी नेवासे तालुक्यातल्या एका सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीचा सेक्रेटरी आहे. मंडळी लहान, ऐंशीएक घरं. निम्म्या घरांतली तरणी पोरं पुण्याला, चाकणला नाहीतर वाळूजला कंपनीत. गावात राहिलेल्यांपैकी थोड्यांची शेती, बाकीचे मोलमजुरीवर. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आमचा हार्वेस्ट, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा सण, असतो आणि यंदा त्यातल्या लिलावावरून पंचकमिटीत दोन तट पडलेत. बैठक रात्री उशिरापर्यंत चालली, ठराव काही झाला नाही. प्रत्येक मंडळीची रीत वेगळी असते, कुणीतरी यातून वाट काढली असेल म्हणून इथे विचारतोय.

आमची रीत अशी. त्या रविवारी प्रत्येक घरातून काहीतरी येतं. बाजरीची कणसं, उसाची मोळी, लाल कांदा, तुरीच्या शेंगा, भोपळा, मेथीच्या जुड्या, कोंबडी, कुणाचा केक, कुणाचा घरच्या दुधाचा खवा. ढोलकी-झांजांवर भजन सुरू होतं, लोक रांगेने पुढे येतात, वस्तू वेदीपुढे ठेवतात आणि पाळकसाहेब समर्पणाची प्रार्थना करतात. नाताळपेक्षाही मला तो क्षण प्रिय आहे. अख्ख्या गावाचं रान देवळात आल्यासारखा वास सुटलेला असतो. मग आशीर्वाद होतो, लोक बाहेर मांडवात येतात आणि त्याच वस्तूंचा लिलाव लागतो. एक जण माईकवर, एक जण वस्तू उंच धरणारा. एक वार, दोन वार, तीन वार.

आता झालंय असं की बोली वस्तूवर लागतच नाही, ती कुणी आणली यावर लागते. बागायतदाराच्या घरचा नारळ तीन हजारांना जातो, पुण्याच्या पाहुण्यांचा केक पाच हजारांना. घेणाऱ्याचं नाव माईकवर, मग टाळ्या, फोटो, आणि संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी की कुणी किती दिले.

मागच्या वर्षीचं सांगतो. आमच्यात एक मावशी आहेत. नवरा वारलेला, खुरपणीला जातात. त्यांनी सहा गावरान अंडी आणली होती. ॲल्युमिनियमच्या डब्यात खाली भुसा, वर भुसा आणि डब्याला फडकं बांधलेलं. बाजारात एका अंड्याचे पंधरा रुपये सहज आले असते, म्हणजे हातात येणारे नव्वद रुपये त्यांनी वेदीपुढे ठेवले. डबा पुकारायला घेतला तेव्हा जेवणाच्या पंगतीची गडबड सुरू झाली होती. बोली लागेना. माईकवाला म्हणाला, "अरे घ्या रे कुणीतरी, आम्लेट करा." लोक हसले. एका पोराने वीस रुपयांना डबा घेतला. मावशी मांडवाच्या कडेला उभ्या होत्या. डबा घरचा होता म्हणून त्यांनी तो रिकामा करून मागून घेतला आणि न जेवता गेल्या. भक्तीला त्या अजून येतात, प्रभुभोजन घेतात. पण परवा महिला मंडळात हार्वेस्टचा विषय निघाला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "यंदा माझं काही धरू नका."

मला हे सहन होत नाही. जे आपण प्रार्थना करून देवाला दिलं त्याची किंमत तासाभरात माईकवर वीस रुपये कशी होते? प्रभू भांडारासमोर बसला होता तेव्हा विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी दोन नाणी, त्याने स्वतः पाहिल्या आणि शिष्यांना बोलावून दाखवल्या. आपण लोकांना बोलावून काय दाखवतोय?

दुसरी बाजूही खरी आहे. आमच्या वर्षाच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या एका दुपारी येतो. डायसिसची (आमच्या वरच्या धर्मप्रांताची) असेसमेंट, म्हणजे पाळकसाहेबांचा पगार, त्यातूनच भरली जाते. लाइटबिल आणि कौलांची डागडुजीही त्यातूनच. खजिनदार विचारतात, लिलाव बंद केला तर मार्चला मी काय भरू? त्यांचं म्हणणं खोटं नाही.

तर तुमच्याकडे लिलाव आहे का? बंद केला असेल तर पैशाचं कसं जमवलं? चालू असेल तर गरिबाचा मान कसा राखता? वचनं आम्हालाही ठाऊक आहेत. प्रत्यक्ष काय केलंत ते सांगा.

---

गोदाकाठ

दादा, लिलाव बंद नका करू. वर्षातून एकदा बाहेरगावची माणसं एकत्र बसतात, पोरंही दहा-वीस रुपयांच्या बोल्या लावतात, तेवढीच मंडळीत हवा खेळते.

आमच्याकडे (नाशिक) एकटी वस्तू पुकारतच नाहीत. आशीर्वाद झाला की महिला मंडळ मागच्या खोलीत पाट्या भरतं. प्रत्येक पाटीत सगळ्यांचं थोडं थोडं: पाच कांदे, एक जुडी, दोन कणसं, दोन अंडी, केकचा तुकडा. सगळ्या पाट्या दिसायला सारख्या, वर फक्त नंबर. कुणाचं काय आणि कुठल्या पाटीत गेलं हे भरणाऱ्या बायकांनाही नीट सांगता यायचं नाही. घेणाऱ्याचं नाव पुकारत नाहीत, पावती फाडून हातात देतात. कोंबड्या, करडं तेवढी वेगळी.

पहिल्या वर्षी उत्पन्न जरा उतरलं, पुढे सावरलं. आणि माईक जाणत्या माणसाच्या हातात द्या. तुमच्याकडे अर्धं दुखणं तिथलंच दिसतंय.

---

जालना_खजिनदार

तुमच्या खजिनदारांची बाजू मांडतो. मी हे काम बरीच वर्षं केलंय आणि मार्च जवळ आला की झोप कशी उडते ते मला माहीत आहे.

गावातल्या लोकांना अजून वाटतं की चर्चला बाहेरून पैसा येतो. आपल्या पंचांनाही मनातून तसंच वाटतं, हे जास्त वाईट. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. शाळा, दवाखाने, पाळकांचे पगार, बायबल बायांचे (घरोघर जाऊन वचन शिकवणाऱ्या बायकांचे) पगार, सगळं मिशनकडून व्हायचं. त्यातून पुष्कळ भलं झालं, माझे आजोबा त्या शाळेत शिकले नसते तर मी आज हे लिहीत नसतो. पण देणं हे आपलं काम आहे ही सवय मंडळीला लागायची राहून गेली. कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, आपल्या लोकांची ख्रिस्तभक्ती आपल्या पायावर उभी राहावी ही त्यांची तळमळ होती. १९७० साली सीएनआय झाली आणि कागदावर आपण स्वतंत्र झालो. खिशातून स्वतंत्र व्हायला आपल्याला लिलाव लागतो, कारण महिन्याच्या महिन्याला कुणी देत नाही.

आम्ही लिलाव बंद केला, पण आधी पाकीट बसवलं आणि मग बंद केला. हा क्रम उलटा करू नका. जानेवारीत प्रत्येक घराला बारा पाकिटं देतो. पाकिटावर नाव नाही, नंबर असतो. कुठला नंबर कुणाचा हे खजिनदार आणि पाळकसाहेब दोघांनाच ठाऊक. किती द्यायचं ते घरानं आपल्या मनाशी ठरवायचं. पूर्वी वार्षिक अहवालात नावासमोर रक्कम छापायचो आणि तो कागद देवळाच्या दाराशी लावायचो. ती यादी काढून टाकली, आता फक्त एकूण बेरीज वाचली जाते. यादी काढल्यावर देणं घटेल अशी भीती होती. मोठी देणगी देणारे दोघे-तिघे रुसले, पण न देणारी पुष्कळ घरं द्यायला लागली. पन्नास रुपयांचं पाकीट टाकायला माणसाला आता संकोच वाटत नाही.

पुण्या-मुंबईच्या पोरांसाठी मंडळीच्या खात्याचा क्यूआर कोड ठेवला. आईवडील इथे आहेत तोवर ती पोरं देतात, फक्त दर महिन्याला आठवण करणारं कुणी हवं. आमच्याकडे ते काम तरुण संघाची एक मुलगी करते आणि कुणालाही एका महिन्यात दुसरा मेसेज पाठवत नाही. गाडी रुळावर यायला दोन हंगाम गेले. तेवढी कळ तुमच्या पंचांनी सोसायला हवी.

एक इशारा. हार्वेस्टचं धान्य गरिबांना वाटून टाका असं कुणीतरी लगेच सुचवेल. जपून. मंडळीचं रेशन दुकान झालं की देणारे वेगळे आणि घेणारे वेगळे अशा दोन रांगा लागतात. मिशनच्या काळात आपल्या लोकांनी ते पुष्कळ भोगलंय. दुष्काळात मदत घेतली म्हणून पिढ्यान्पिढ्या टोमणे ऐकले आहेत.

---

निवृत्त_सिस्टर

सेक्रेटरी दादा, सलाम. जालन्याच्या भावांनाही सलाम. त्यांचा इशारा मला पटतो, पण तिथेच थांबणं पटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी शेवगावकडची. नर्सिंग मिरजेला केलं, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या दवाखान्यात, आणि पुढं सगळी नोकरी मिशनच्या दवाखान्यांतच झाली. माझी आई शिकलेली नव्हती, पण आमच्या मंडळीची अर्धी सेवा तिच्या हातून झाली. दळण निवडायला बसली की सुपातली पहिली मूठ ती बाजूच्या गाडग्यात टाकायची. वाडीतल्या सगळ्याच ख्रिस्ती घरांत हे गाडगं होतं, उतरंडीजवळ, वर खापराचं झाकण. शनिवारी दोन बाया पाटी घेऊन घरोघर फिरायच्या. गाडगं पाटीत पालथं करायचं आणि पुढच्या घरी जायचं, मोजायचं नाही. बाजरीत बाजरी मिसळली की कुणाची किती हे कोण सांगणार? ज्या घरात चूल एकदाच पेटायची तिथलीही मूठ असायची, लहान असायची.

ते धान्य रविवारी वेदीपुढे ठेवत. सोमवारी आई आणि बायबल बाई ते घेऊन निघत. बाळंतीण, अंथरुणाला खिळलेलं माणूस, कर्ता गडी तुरुंगात किंवा परागंदा झालेलं घर. मी शाळेतून आले की कधी कधी बरोबर जायचे. पिशवी कुणी दारात द्यायचं नाही. आत जायचं, बसायचं, पाणी मागून प्यायचं, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, प्रार्थना करायची, आणि निघताना चुलीपाशी ठेवून द्यायचं. "हे देवळातनं आलंय" एवढंच म्हणायचं. कुणी दिलं याला उत्तरच नसायचं, कारण सगळ्यांनीच दिलेलं असायचं.

१९७२ चा दुष्काळ मी पाहिलाय. आई खडी फोडायला जायची, आम्ही पोरं सरकारी मदतीच्या सुकडीवर होतो. शनिवारची पाटी त्या वर्षी तळाशी राहायची, पण ती फिरायची थांबली नाही. कधी मुठीऐवजी चिमूट असायची. एकदा आमच्याच घरी चुलीपाशी पिशवी ठेवली गेली, वडील तापाने पडले होते तेव्हा. जालन्याचे भाऊ म्हणतात तशा दोन रांगा आमच्या मंडळीत लागल्या नाहीत त्या याच कारणाने. आज देणारं घर उद्या घेणारं असायचं आणि घेणारं घर त्याही आठवड्यात मूठ टाकायचं.

आता तुमच्या मावशींचं. त्यांच्या घरी पंचकमिटी पाठवू नका. चार गडी दारात उभे राहिले की शेजारपाजार गोळा होईल. हार्वेस्टला त्यांना पुढच्या रांगेत बसवू नका, माईकवर त्यांची माफीही मागू नका, नाहीतर दुसऱ्यांदा तेच होईल. पाळकीणबाई नाहीतर महिला मंडळातली त्यांच्या वयाची एखादी बाई एकटी जाऊ दे, आणि जाताना काही नेऊ नका. त्यांच्याकडून मागा. म्हणा की आम्हाला मुठीचं गाडगं सुरू करायचंय आणि कुठल्या घरी कधी जायचं हे तुमच्याशिवाय कुणी नीट सांगू शकणार नाही. खुरपणीला जाणाऱ्या बाईला सगळ्या वस्तीचं ठाऊक असतं: कुणाची सून माहेरी धाडलीय, कुणाला दोन दिवस काम नाही, कुणाच्या थुंकीत रक्त पडतंय. तुमच्या सेक्रेटरीच्या वहीत यातलं काही नसतं, रागावू नका.

थुंकीवरून आठवलं. टीबीच्या गोळ्या सरकार फुकट देतं, पोषणासाठी महिन्याला हजार रुपयेही खात्यावर टाकतं. पण ते पैसे उधारी भागवण्यात जातात आणि माणूस उपाशीपोटी गोळ्या घेतो, मग उलट्या होतात आणि गोळ्या सुटतात. मी असे किती तरी पेशंट पाहिले. सहा गावरान अंडी म्हणजे अशा माणसाला रोज दोन धरली तर तीन दिवस. ती वीस रुपयांची वस्तू नव्हे. तुमच्या मांडवात तीन हजारांच्या नारळापेक्षा त्या डब्याचा उपयोग जास्त होता, आणि हे मी परिचारिका म्हणून सांगतेय.

आणखी एक. लेवीय २३ मध्ये सणांचे नियम सांगता सांगता मध्येच देव म्हणतो, कापणी करताना शेताच्या कडा साफ कापू नका, सरवा वेचू नका, तो गरीब आणि उपरी यांच्यासाठी ठेवा. तुमच्याकडे हार्वेस्टच्या वेळेलाच कारखाना सुरू झालेला असतो. बीडकडून, जालन्याकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या गावाच्या कडेला पडतात. ती उपरी माणसं. बाई पहाटे फडावर जाते, तान्हं पोर कोपीत झोळीत असतं आणि सांभाळायला पाच-सहा वर्षांची बहीण. हार्वेस्टच्या धान्याचा एक वाटा तिथे जाऊ दे. ते कुठल्या धर्माचे हे विचारायचं नाही, पत्रकं न्यायची नाहीत, फोटो काढायचा नाही. कुणी प्रार्थना मागितली तर करायची. जन्मलेल्या पोराला डोस पाजलेत का हे मात्र जरूर विचारा आणि आशाताईंना कळवा.

---

उत्तर_वसईकर

मी कॅथलिक आहे, आमच्याकडे हार्वेस्टचा लिलाव नसतो, पण दोन गोष्टी उपयोगी पडतील असं वाटलं.

आमच्याकडे आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात, मिस्सात फादर त्यांना आशीर्वाद देतात, आणि प्रत्येक घर एक-दोन लोंब्या घरी नेऊन अल्तारीजवळ लावतं. म्हणजे देवाला वाहिलेलं परत सगळ्यांकडे येतं, सारखंच, आणि त्याला किंमत नसते. माझ्या आजीचं शेत कधीच विकलं गेलं, तिथे आता इमारत आहे, तरी ती दुसऱ्याच्या शेतातली लोंबी मागून आणते.

दुसरी, आमच्या धर्मग्रामातली विन्सेंट डी पॉल संस्था. १८३३ साली पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी ती सुरू केली, आज कितीतरी चर्चमध्ये तिची शाखा असते. माझे बाबा सभासद आहेत. बैठकीच्या शेवटी एक कापडी थैली फिरते. प्रत्येकाने बंद मूठ आत घालायची आणि उघडी बाहेर काढायची. आत नोट टाकली, नाणं टाकलं की काहीच नाही, शेजारच्यालाही कळत नाही. ज्याच्याकडे त्या आठवड्यात काही नाही तोसुद्धा हात घालतो. आणि गरजूंच्या घरी जोडीने जायचं, एकट्याने नाही. तिथे कळलेलं बैठकीबाहेर बोलायचं नाही. बाबा कुणाच्या घरी जातात हे आम्हाला अजून माहीत नाही.

तुमच्या उपासनेत दान गोळा करताना उघडी ताटली असेल तर आधी तिच्या जागी थैली आणा. तेवढं तर पुढच्याच रविवारी करता येईल.

---

ऐजॉलहून_मराठी

सिस्टरबाईंची मूठ वाचली आणि राहवलं नाही. मी नोकरीनिमित्त मिझोरममध्ये आहे. इथल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत हीच रीत आजही जोरात चालू आहे, बुहफाइ थाम म्हणतात. १९१० पासूनची आहे. भात शिजवायला तांदूळ काढला की त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात. दोन वेळच्या स्वयंपाकाच्या दोन मुठी. माझ्या घरमालकीणबाई सरकारी नोकरीत आहेत, तांदूळ दुकानातून विकत आणतात, तरी डबा आहेच. आठवड्याला बायका गोळा करायला येतात.

जालन्याच्या दादांसाठी मुद्दा असा की हे तांदूळ सगळे वाटले जात नाहीत. एकत्र करून विकतात आणि आलेला पैसा चर्चच्या कामाला जातो. कितीतरी सेवकांचा खर्च या मुठींवर निघतो. एकट्याची मूठ कुणी पुकारत नाही, सगळ्यांची मिळून विकतात. तुमची असेसमेंटही यातून काही अंशी निघू शकेल.

---

नेवासे_सेक्रेटरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं पाळकसाहेबांना मोबाईलवर वाचून दाखवलं. सिस्टरबाई, तुमचं लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

येत्या बैठकीत मी असं मांडणार आहे. यंदा लिलाव बंद नाही, पण नाशिकच्या रीतीने पाट्या. नाव पुकारणं बंद, ग्रुपवरची यादी बंद. माईक आमच्या निवृत्त हेडमास्तरांकडे, ते तयार आहेत. पाकीट जानेवारीपासून, आणि ते दोन वर्षं नीट चाललं की मगच लिलावाचं काय ते ठरवू. थैलीला तर ठराव लागणारच नाही, महिला मंडळाने शिवायला घेतलीसुद्धा.

जालन्याच्या दादांना एकच सांगायचंय. दोन रांगांची तुमची भीती मला खरी वाटते. पण आमच्या मंडळीत दोन रांगा आधीच आहेत, बोली लावणाऱ्यांची एक आणि मांडवाच्या कडेला उभं राहणाऱ्यांची एक. धान्य वाटल्याने त्या लागणार नाहीत, लागलेल्या आहेत. मुठीने त्या मोडतील असं वाटतं, कारण टाकायला सगळेच येतील.

कोप्यांचा विषय मात्र अवघड जाईल. एक पंच म्हणाले, हल्ली दिवस असे आहेत की आपण पिशवी घेऊन कोपीत शिरलो तर उद्या कुणी काहीही बोलेल. मला ती भीती समजते. पण आमच्याच मंडळीतली तीन घरं पूर्वी कोयत्यावर जायची, आणि परमुलखात कुणी विचारलं नाही तर काय वाटतं हे त्यांना विचारायला हवं. ग्रामपंचायतीला आणि आशाताईंना आधी सांगून, गावातल्या इतर दोन-चार माणसांना बरोबर घेऊन गेलो तर? कुणी असं केलं असेल तर लिहा.

मावशींकडे पाळकीणबाई जाऊन आल्या. मुठीचं ऐकून मावशी लगेच काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, गाडगं नवं आणायचं का जुनं चालेल. पाळकीणबाईंनाच उत्तर माहीत नव्हतं, म्हणून तुम्हाला विचारतो. आणि पीठ चालेल का? हल्ली दळण कुणी घरी निवडत नाही, बऱ्याच घरांत पिठाचीच पिशवी येते.

---

निवृत्त_सिस्टर

इतर माणसांना बरोबर घेऊन जायचं तुमचं म्हणणं उत्तम. आम्ही लसीकरणाला तसंच जायचो, अंगणवाडीच्या ताईंना पुढं घालून. कोणी काही बोलत नाही, आणि ताईंना सगळ्या कोप्या ठाऊक असतात.

पीठ घेऊ नका. बाजरीचं पीठ आठवड्यात कडू होतं, मग ते कुणाच्या घरी देणार? ज्यांच्याकडे पिठाचीच पिशवी येते त्यांनी तांदूळ किंवा डाळ टाकावी, पण ती वेगळ्या डब्यात. बाजरीत डाळ मिसळली की निवडत बसावं लागतं.

गाडगं जुनं चालेल, मात्र तेलातुपाचं नको, मुंग्या होतात. आतून कोरडं करून दिवसभर उन्हात ठेवा. तळाशी कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका, ओला नको, नाहीतर बुरशी येते. आठवड्याच्या आठवड्याला रिकामं झालं तर पोरकिडे लागत नाहीत, पण पावसाळ्यात एखादा शनिवार चुकला तर धान्य उन्हात घालूनच पुढं द्या. मावशींना सांगा, शनिवारी संध्याकाळची वेळ ठेवा, कामावरून बाया घरी आलेल्या असतात.